काठावरून उतरलेलं पिल्लू

हादनेने एखादं पिल्लू नापास केलं की ते नापास. मग त्याची आई कितीही नावाजलेली असो, बाप कितीही लांबून मागून आणलेला असो. सैबेरियाच्या उत्तर टोकाला, यामालच्या आमच्या भागात सत्तावीस वर्षं हाच कायदा चालला. आणि कायदा करणारी बाई कशी? उंचीने बेताची, पुढचे दोन दात गेलेले, आणि एकदा बोलली की बोलली, मागे फिरायचं नाव नाही. तिचा नवरा इल्को जिवंत होता तोवर तोही म्हणायचा, "हरणांचं मला विचारा. कुत्र्यांचं तिला."

पिल्लू दीड महिन्याचं झालं की लोक ते अंगरख्याच्या आत घालून तिच्याकडे आणत. ती आधी चहा पिऊन घेई, कारण घाई तिला मुळीच खपत नसे. मग पिल्लाचं तोंड उघडून टाळू बघायची. काळी असली तर ठीक, गुलाबी असली तर नाक मुरडायची. पंजाला चिमटा काढायची. ओरडून पळालं तर वाईट, ओरडून परत आलं तर चांगलं. पण हे सगळं नावापुरतं. खरी परीक्षा शेवटची. चुमासमोर, म्हणजे कातड्याच्या तंबूसमोर, तिची सामानाची घसरगाडी उभी असायची. त्या गाडीच्या पार काठावर ती पिल्लू ठेवायची, तोंड बाहेरच्या बाजूला करून, आणि स्वतः मागे उभी राहून त्याच्या पायांकडे टक लावून बघायची. जे पिल्लू काठावर थबकलं, खाली बघून मागे सरलं, ते हुशार, त्याचा वंश वाढवायचा. जे सरळ खाली गेलं ते बिनडोक. नर असला तर वर्षाचा झाल्यावर खच्ची करायचा. मादी असली तर पाइपलाइनवाल्यांच्या चौकीवर देऊन टाकायची. तिथे साखळीला बांधून भुंकायला काय, कुठलंही चालतं.

आता इतकं निवडून पारखून घेतल्यावर आमच्याकडची कुत्री कशी असायला हवीत? सोन्यासारखी. पण झालं होतं उलटंच. दर पिढीला कुत्री बिघडत चालली होती. हादनेकडेच बघा. तिच्याकडे तीन तरणी कुत्री होती, तिन्ही काठावर थबकलेली, तिन्ही काळ्या टाळूची. कळप वळवायला सोडली की गाडीपासून वीस पावलांवर जाऊन उभी राहायची आणि तिथूनच भुंकून भुंकून घसा बसवायची. हरणं त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाहीत. खरं काम करणारा एकच उरला होता, सेराको. भुरकट पांढरा, दहा वर्षांचा, खच्ची केलेला. होय, सेराको काठावरून खाली गेला होता. नापास. पण त्या वेताची दुसरी पिल्लं मेली म्हणून हा नाइलाजाने ठेवलेला. आणि हाच आयुष्यभर कळपाचा मालक होऊन बसला. त्याची एक खोड होती. सोडलं की लगेच धावायचा नाही. आधी पोटावर बसून हनुवटी बर्फाला टेकवायचा, कळपाकडे बघायचा, जणू मोजतोय. मग आवाज न करता लांबून फेरा घ्यायचा, आणि पार पलीकडे पोहोचल्यावर एकदाच भुंकायचा. एकदाच. कळप वळलाच म्हणून समजा.

तो सेराको आता मागच्या पायांनी अधू झाला होता, डोळ्यांत सायीसारखं काहीतरी आलं होतं. आणि त्याचा वंश हादनेनेच कापला होता. हे ती कुणाजवळ बोलत नसे. कुत्री का बिघडतात असं कुणी विचारलं की म्हणायची, "तेलाच्या विहिरी खोदणाऱ्यांचा गोंगाट. मासळीत तेलाचा वास येतो. कुत्री काय करतील?"

एप्रिलमध्ये उत्तरेकडे सरकताना तिचा जावई एदेइको एका सकाळी चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, "आई, एक बोलू? रागावू नका."

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवेन."

"सेराको संपला. ही तीन शोभेची आहेत. हरणांच्या माद्या महिन्याभरात विणार. विण्याच्या दिवसांत बर्फावरची मोटारगाडी कळपाजवळ नेली तर गाभण माद्या बिथरतात, वासरं टाकून पळतात. मागच्या साली किती गेली?"

"बावीस."

"सव्वीस. आणि धुक्यात शेजाऱ्याच्या कळपात मिसळली ती वेगळीच. मी एकटा माणूस. कुत्रं नसेल तर विण्याआधी जनावरं मोठ्या फार्मला देऊन टाकू. वस्तीत खोली मिळतेय. तुमची लेकही हो म्हणतेय."

लेक चुलीशी वळून बसली, म्हणजे खरंच हो म्हणत होती. हादनेने पेला उलटा करून ठेवला. आमच्याकडे पेला उलटा केला की चहा पुरे झाला आणि बोलणंही.

"कुत्रं मिळेल," ती म्हणाली.

"कुठून? सगळे तुमच्याकडेच तर विचारायला येतात!"

हे मात्र तिला झोंबलं. कारण पोरगा खरं बोलत होता.

दोन दिवसांनी कळलं की धाकटा दीर पुदानाको या साली जवळच उतरलाय. त्याची नेहमीची वाट पश्चिमेकडून, पण तिथे पाइप टाकले म्हणून या साली तो इकडून वर चालला होता. इल्को असताना दर हिवाळ्यात एकटाच भावाकडे जाऊन यायचा. हादने मागे चूम सांभाळायची. इल्को वारून तीन हिवाळे झाले होते. तिने गाडीला चार हरणं जोडली आणि निघाली. कशाला निघाली हे विचारल्यावर म्हणाली, "दिराला भेटायला परवानगी लागते का?"

पुदानाको म्हणजे गोल तोंडाचा, सतत काहीतरी चघळणारा, आणि वहिनीची थट्टा केल्याशिवाय ज्याला जेवण पचत नाही असा माणूस. ती गाडीवरून उतरत नाही तोच ओरडला, "अरे बघा, कोण आलंय! कुत्र्यांचे मास्तर! पिल्लं लपवा रे!"

"भावजी, आधी तुम्हालाच काठावर ठेवून बघते."

"मी तर गडगडत जाईन. पोट बघतेस ना?"

त्याची बायको सावाने हिने गोठलेला मासा सोलून ठेवला, चहा ओतला. तीन पेले होईस्तोवर कुणी कामाचं बोललं नाही. चौथ्या पेल्याला बाहेर कळप आणायची वेळ झाली, म्हणून सगळे उठले. आणि तिथे हादनेने ते बघितलं.

पुदानाकोने एक तांबूस कुत्रा सोडला. दोन वर्षांचा असेल. सोडल्यावर तो धावला नाही. पोटावर बसला. हनुवटी बर्फाला टेकवली. बघितलं. मग आवाज न करता लांबचा फेरा घेतला, टेकाडामागे दिसेनासा झाला, आणि पलीकडून एकदाच भुंकला.

हादनेच्या हातातला माशाचा तुकडा तसाच राहिला.

"हे कुणाचं?"

"माझं."

"ते दिसतंय. बाप कोण याचा?"

"वहिनी, कुत्र्याच्या घराण्यात बापाची चौकशी कुणी करतं का? लाज वाटते बिचाऱ्यांना."

"भावजी!"

"ग्यिदाच्या मुलखातून आणला. लांबून."

"खोटं."

"मग खोटं," म्हणत पुदानाको चघळत राहिला.

कळप आणून झाल्यावर तांबूस कुत्रा परत आला आणि सरळ चुमाच्या मागे गेला, देवांची गाडी उभी असते त्या बाजूला. हादने त्याच्या मागोमाग निघाली आणि मध्येच थांबली. चूम आणि देवांची गाडी यांच्यामधून बाईने जायचं नसतं. ती तिकडे पाय टाकणार नाही हे कुत्र्यालाही ठाऊक असावं, तो मागच्या कडेला निवांत पाय चाटत बसला. मग बाई गाड्यांच्या रांगेला लांबचा वळसा घालून, गुडघाभर बर्फातून, धापा टाकत पलीकडून आली. तोवर कुत्रा उठून पुढच्या दाराशी. पुन्हा वळसा. सावाने हसून हसून बेजार झाली. तिसऱ्या खेपेला हादनेने त्याला गाठलं, तोंड उघडलं. काळी टाळू. डाव्या डोळ्याखाली लहानसा पांढरा ठिपका होता, अगदी सेराकोला आहे तिथेच.

पण सेराको तर खच्ची! नऊ वर्षांपूर्वी, तिनेच सांगितलं होतं. मग हे कुठून आलं? तिला काही सुचेना. राग यावा की आनंद व्हावा हेही ठरेना. मोठं कुत्रं मागायचं तर प्रश्नच नव्हता, काम करणारं कुत्रं आमच्यात कुणी देत नाही आणि कुणी मागत नाही, त्याच्याबरोबर कळपाचं नशीब जातं. पिल्लू मात्र मागता येतं.

"याची पिल्लं आहेत?"

"चार. बघायचीयत? पण मास्तर, माझ्याकडची सगळी नापास व्हायची. मी ते आधीच सांगून ठेवतो."

सावानेने पिल्लं आणली. हादनेने टाळू बघितल्या, चिमटे काढले. एक भुरकट मादी तिला आवडली. ओरडून लांब गेली, मग परत येऊन तिच्याच बोटाला चावली. तिला उचलून हादनेने सावानेच्या गाडीवर ठेवलं, पार काठावर, तोंड बाहेर करून.

पिल्लू थबकलं. खाली बघितलं. मागे सरलं.

"पास!" सावाने म्हणाली.

इतक्यात पुदानाकोला गाडीची हरणं पकडायची होती, म्हणून त्याने कळप चुमाच्या अलीकडे वळवला. शंभर-सव्वाशे जनावरं पायांचे सांधे कडकड वाजवत गाडीसमोर येऊन फिरू लागली. पिल्लू अजून काठाशीच होतं. त्याने डोकं वर केलं आणि धप्प. गेलं खाली.

"नापास," सावाने चिडवत म्हणाली. "वहिनी, हे कसलं हो तुमचं? एकाच घटकेत पास आणि नापास?"

खरं तर इथे दुसरी कुणी असती तर पिल्लू ठेवून चालती झाली असती. पण हादनेचं एक होतं. गोष्ट पटली नाही की ती दाताखाली धरून ठेवायची. तिने पिल्लू उचललं, बर्फ झटकला, पुन्हा काठावर ठेवलं. पिल्लू पुन्हा खाली गेलं. तिने सावानेला म्हटलं, "गाडीचं दुसरं टोक धर." दोघींनी ओझ्यासकट गाडी फिरवली, कळप पाठीमागे आला. पिल्लू काठावर ठेवलं. ते थबकलं, मागे सरलं, आणि वळून गाडीच्या दुसऱ्या काठाकडे तुरुतुरु निघालं. तिथून गेलं खाली, कळपाच्या बाजूला.

पुदानाको फास हातात घेऊन उभा राहून बघत होता. आता तो चघळत नव्हता.

हादनेने दुसरं पिल्लू घेतलं. मग तिसरं, चौथं. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी. एक पिल्लू दोन्हीकडे थबकलं. बाकी तिघं कळप समोर असला की जात, नसला की थबकत. सावाने आता हसत नव्हती. शेवटच्या खेपेला हादनेने पायांकडे बघणं सोडलं, खाली वाकली आणि पिल्लाच्या कानामागून, त्याला जे दिसतंय ते बघितलं. हरणं दिसली.

सत्तावीस वर्षं तिची गाडी चुमासमोर त्याच जागी, त्याच तोंडाने उभी राहायची, आमच्या सगळ्यांचीच राहते. समोर नेहमी कळप. सत्तावीस वर्षं ती पिल्लांच्या पायांकडे बघत आली. पिल्लू कुठे बघतंय हे तिने कधी बघितलंच नाही.

ती तिथेच बर्फात बसली.

"भावजी," ती म्हणाली, "खरं सांगा आता. बाप कोण?"

पुदानाको तिच्यासमोर उकिडवा बसला. "आजा विचार. या तांबड्याचा आजा. तुझा सेराको."

"तो खच्ची आहे."

"केला तेव्हा अकरा महिन्यांचा होता. त्याआधी त्या हिवाळ्यात दादा मासे विकायला आला नव्हता का? सेराकोला गाडीला बांधून घेऊन आला. म्हणाला, तुझ्या कुत्रीजवळ चार दिवस राहू दे. मी म्हटलं, वहिनीने तर नापास केलाय. तर म्हणाला, 'तो पडला नाही रे. उतरला. मी बघत होतो.'"

हादने हातमोज्यावरचा बर्फ खरवडू लागली.

"मी म्हटलं, मग तिला सांग की. तर म्हणाला, सांगितलं. एकदा सांगितलं. आणि मला म्हणाला, तू गप्प बस. ती स्वतः विचारेल तेव्हाच सांग, त्याआधी नाही. तिला स्वतःला दिसलं तरच तिला पटतं." पुदानाकोने नाक पुसलं. "नऊ वर्षं गप्प बसलो, वहिनी. मी! तुला कल्पना आहे का किती जड गेलं असेल?"

एकदा सांगितलं. हादनेला ते आठवलं. सेराको दीड महिन्याचा, काठावरून धप्पकन गेलेला, आणि मागे उभा असलेला इल्को म्हणाला होता, "अगं, तो पडला नाही." आणि तिने वळूनही न बघता म्हटलं होतं, "तू तुझी हरणं बघ. कुत्री मी बघते." तो हसला आणि हरणांकडे गेला. इतकंच. त्यावर भांडणही झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

मग तिच्या डोळ्यांसमोर एकेक पिल्लू येऊ लागलं. लाप्तांदेरांच्या घरची ती काळी मादी. त्या म्हाताऱ्याने सत्तर मैलांवरून आणलेलं झुबकेदार शेपटीचं. चौकीवर दिलेल्या त्या दोन बहिणी, ज्या गाडी निघाल्यावर साखळी ताणून मागे ओढ घेत होत्या. साखळी ताणून त्या माणसांकडे बघत नव्हत्या, हे तिला आत्ता कळलं. गाडीला जोडलेल्या हरणांकडे बघत होत्या. किती झाली असतील? मोजायला गेली आणि सोडून दिलं. मग ती सावानेसमोर, दिरासमोर ढसढसा रडली. आमच्याकडे बायका अशा चारचौघांत रडत नाहीत. सावाने जवळ बसली आणि तिच्या टोपीवरचा बर्फ झटकत राहिली.

मग पुदानाको म्हणाला, "वहिनी, एक सांगू? या साली विण्याच्या दिवसांत मी तुमच्या शेजारीच उतरतो. तांबडा दोन्ही कळप बघेल. पुढच्या सालापासून तुझी तू बघ. आणि त्या जावयाला सांग, वस्तीत खोलीत बसून काय खिडकीतून कुत्री भुंकवणार आहे का?"

"सांगते."

"पण पिल्लू फुकट मिळायचं नाही हं."

फुकट घेतलेलं पिल्लू आमच्यात टिकत नाही. हादनेने वेणीत ओवलेली तांब्याची कडी काढली. इल्कोने लग्नाच्या साली दिलेली होती. पुदानाकोला ते ठाऊक होतं, त्याने हात मागे घेतला. "दुसरं काहीतरी दे."

"हेच घ्या. त्याचीच कुत्री आहेत ही."

त्याने कडी घेतली.

परतताना ती भुरकट मादी तिच्या अंगरख्यात झोपली होती. चुमापाशी पोहोचली तेव्हा एदेइको सामान बांधत होता. फार्मसाठीचा कागद त्याने खिशात ठेवलेला, त्याचं टोक वर दिसत होतं. पिल्लू बघून तो हसला. "आणलंत शेवटी. काठावर ठेवून बघितलंत ना? थांबलं?"

"नाही."

"मग? नापास?"

"पिल्लू नाही," हादने म्हणाली. "मी. पुदानाको येतोय शेजारी. वीण होऊ दे, मग तुझा कागद काढ. आणि माझी गाडी जरा फिरव. आजपासून ती उलटी उभी करायची."

"गाडी कुणी उलटी उभी करतं का, आई? लोक हसतील."

"हसू देत."

सेराको गाडीखाली कोरड्या गवतावर पडलेला होता. तिचा वास आल्यावर त्याने शेपटी दोनदा आपटली. हादने त्याच्याजवळ बसली आणि पिल्लू त्याच्या तोंडासमोर ठेवलं. त्याने ते हुंगलं, खूप वेळ हुंगलं, आणि मग हनुवटी बर्फाला टेकवून कळपाच्या दिशेने बघू लागला. त्याला आता तिकडचं काही दिसत नव्हतं. हादनेने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू पडला नव्हतास," ती त्याला म्हणाली. "तो म्हणाला होता मला. मीच वळून बघितलं नाही."